पाच केंद्रांचा अर्ज

१९६९ साली ज्येष्ठ अमावास्येला आमच्या घरात विद्यापीठाचा अर्ज भरला गेला. तारीख विसरले, तिथी लक्षात आहे, कारण येवल्यात अमावास्येला माग बंद असतात. एरवी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दिवसाउजेडी पेन धरायला सवड नसायची. त्या दिवशी ते अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून पाटावर बसले. पुढ्यात लाकडी पेटी ओढली आणि तिच्यावर अर्ज पसरला.

"आधी श्री लिही," आत्या म्हणाली.

"छापील कागद आहे, अक्का. श्री लिहायला जागा ठेवलेली नाही त्यांनी."

"मग मनात लिही."

नानांनी डोळे मिटले, मनात श्री लिहिला आणि पेनाचं टोपण काढलं.

काशीआत्या खास या अर्जासाठी नगरहून आली होती. नानांहून बारा वर्षांनी मोठी. माझी आजी गेली तेव्हा नाना तीन वर्षांचे होते. आत्याचं लग्न झालेलं होतं, पण या पोरासाठी ती दोन वर्षं सासरी गेली नाही. त्याला कडेवर घेऊन ती मागासाठी रेशमाच्या कांड्या भरायची, हे आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या सांगत. नानांनी उभ्या जन्मात तिला कधी नाही म्हटलं नव्हतं. तिनं लुगड्याचा रंग बदल म्हटलं तर अर्धा विणलेला पदरही उसवला असता त्यांनी.

मी त्या वर्षी मॅट्रिक झाले होते. आमच्या साळ्यांच्या गल्लीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. हेडमास्तर गुजराथी सरांनी स्वतः पत्र पाठवून शेतकी विद्यापीठाचा अर्ज मागवला होता. विद्यापीठ मोठं. मुख्य आवार पुण्याकडे, आणि शाखा चार गावांत: नगर, धुळे, सोलापूर आणि घाटमाथ्यावर आंबेघर. अर्ज मात्र सगळ्यांना मिळून एकच. त्यात पाचही केंद्रांची नावं पसंतीच्या क्रमानं लिहायची, एकही गाळायचं नाही. आणि तो भाग, भाग चौथा, पालकानं स्वतःच्या अक्षरात भरायचा होता. मुलगी परगावी राहणार, तेव्हा पालकाला नीट ठाऊक असावं, असा त्यामागचा विचार असणार.

आत्याचा बेत साधा होता. नगरच्या केंद्रात मुलींसाठी गृहविज्ञान होतं आणि ते तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. यमू माझ्याकडं राहील, कॉलेजला जाईल, आल्यावर घरात हातभार लावील. एवढंच ती बोलायची. न बोललेलं सगळ्यांना माहीत होतं. तिचा धाकटा मुलगा प्रभाकर तेवीस वर्षांचा होता, कापडाच्या दुकानात बसत होता, आणि भावाची मुलगी सून करून घ्यायची आमच्यात रीत होती. मी नगरला गेले असते तर वर्षाच्या आत माझ्या गळ्यात मंगळसूत्र पडलं असतं आणि कॉलेज आपोआप सुटलं असतं. आईनं तर प्रभाकर घरी आला की त्याला आधी वाढायला सुरुवात केलीच होती.

प्रभाकर वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. पण अर्जासोबत एक माहितीपुस्तिका आली होती आणि ती मी इतक्या वेळा वाचली होती की तिचे कोपरे मऊ पडले होते. आंबेघरच्या पानावर चार ओळी होत्या. तिथं तुतीची बाग होती आणि रेशमाचे किडे पाळायचं शास्त्र शिकवत होते. आमच्या घरात चार पिढ्या रेशीम विणलं गेलं, पण रेशीम येतं कुठून, असं विचारलं की सगळे म्हणायचे, बंगलोरहून. त्याच्या मागं कोणी गेलेलं नव्हतं. मला जायचं होतं. हे मी फक्त गुजराथी सरांना सांगितलं होतं. घरात सांगायची माझी छाती झाली नाही.

"नगर पहिलं घाल," आत्या म्हणाली. "बाकीची कशीबी लिही."

"कशीपण लिहून कसं चालेल? क्रम लावायचाय." नानांनी माझ्याकडं पाहिलं. "यमे, शेवटी कुठलं टाकू?"

मी समोर बसून तांदूळ निवडत होते. "आंबेघर," मी म्हटलं. "लांब आहे ते."

"शहाणी आहे पोर," आत्या म्हणाली आणि सुपारी कातरायला लागली.

चौथ्या भागात पाच कोऱ्या ओळी होत्या, एकाखाली एक. त्यांना आकडे नव्हते. नानांनी पेन उचललं, सगळ्यात खालच्या ओळीवर टेकवलं आणि सावकाश, एकेक अक्षर घोटवत लिहिलं: नगर.

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पैठणीच्या पदरावर मोर काढायचा तर आधी तो चौकटीच्या कागदावर काढतात. त्याला नक्षा म्हणतात. नक्षा खालच्या ओळीपासून वाचायचा असतो, कारण कापड तसंच वाढतं. मोराचे पाय आधी, तुरा शेवटी. नानांनी शाळा चौथीत सोडली आणि त्याच वर्षापासून नक्षा वाचायला घेतला. पस्तीस वर्षं त्यांच्या डोळ्यांना चौकटीच्या कागदाची हीच वाट ठाऊक होती. पाच कोऱ्या ओळी दिसल्यावर त्यांचा हात खाली गेला, त्यात त्यांनी वेगळं असं काहीच केलं नाही.

नगरच्या वर त्यांनी पुणे लिहिलं. त्याच्या वर धुळे, मग सोलापूर. आणि सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, आंबेघर.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात सूचना छापलेली होती की पसंतीक्रम वरून खाली धरला जाईल. ती मी आदल्या दिवशीच वाचली होती. नाना दुसरी ओळ लिहीत होते तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. तेव्हा बोलले असते तर एका खाडाखोडीत काम भागलं असतं. तिसऱ्या ओळीला बोलले असते तरी चाललं असतं. आत्याला वाचता येत नव्हतं, आईलाही नाही. त्या घरात त्या पानावरची चूक कळणारी मी एकटी होते.

मी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिले.

नानांनी शाई वाळायला कागदावर फुंकर घातली. मग आत्यापुढं धरून म्हणाले, "बघ, अक्का."

"छान आलंय," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अर्जावर हेडमास्तरांची सही घ्यायला नाना आणि मी शाळेत गेलो. सुट्टीमुळं शाळा रिकामी होती. गुजराथी सर बारीक अंगाचे, पांढऱ्या टोपीचे, प्रत्येक कागद पट्टी धरून वाचणारे. ओळ वाचून झाली की पट्टी एक ओळ खाली सरकायची. मी त्या पट्टीकडं बघत उभी राहिले. पहिला भाग झाला, दुसरा झाला. पट्टी चौथ्या भागावर आली आणि थांबली.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाले, "यमुना, शाळेचा गोल शिक्का कुलकर्णी क्लार्ककडे आहे. तो घरी असेल. जा, घेऊन ये."

कुलकर्णींचं घर वेशीपाशी होतं. मी गेले, ते जेवत होते, त्यांचं जेवण होईपर्यंत बाहेर उभी राहिले. परत यायला अर्धा तास तरी लागला असेल. वाटेत मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता सगळं दुरुस्त झालेलं असणार. थोडं हायसंही वाटत होतं, खोटं कशाला सांगू. न बोलल्याचं ओझं होतं, ते सरांनी परस्पर उतरवलं असं वाटलं.

मी आले तेव्हा अर्ज पाकिटात गेला होता. सरांनी तो अर्धा बाहेर ओढून शेवटच्या पानावर शिक्का मारला आणि पुन्हा आत सारला. नाना खिडकीपाशी उभे होते.

"चला," ते म्हणाले.

पाकीट आम्ही पोस्टात दिलं. वाटेत त्यांनी मला विचारलं की घाटावर पाऊस किती महिने असतो. मी म्हटलं, चार. ते म्हणाले, बाई गं. ते सहज विचारताहेत असंच मला वाटलं.

जुलैच्या शेवटी पत्र आलं. माझी निवड पहिल्या पसंतीच्या केंद्रात, आंबेघरला झाली होती. तिथं राहायला मुलींचं वसतिगृह होतं. केंद्र बदलून मिळणार नाही, असं खाली लिहिलेलं होतं. गुजराथी सरांनी ते पत्र आमच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, आणि शेजारच्या घरांतले मागसुद्धा थांबले.

आत्या तिसऱ्या दिवशी नगरहून आली. पिशवी खाली न ठेवता तिनं विचारलं, हे कसं झालं. नानांनी पेटीवर एक नक्षा पसरला आणि तिला दाखवलं की मी रोज कागद असा वाचतो, म्हणून अर्जही तसाच लिहिला गेला. चूक माझी आहे, अक्का. सवयीनं झाली.

"पोरीचं आयुष्य म्हणजे पदर आहे का, रंग्या?"

"नाही."

"मग आता नको म्हणून कळव. पुढल्या वर्षी नगरचा भर."

नाना नक्ष्याची घडी घालायला लागले. आत्यानं थोडा वेळ वाट पाहिली. अशी वाट पाहायची तिला सवय नव्हती, निदान या भावापाशी तरी नव्हती. शेवटी नाना म्हणाले, "सरकारी कागद आहे, अक्का. एकदा गेला तो गेला."

"अमावास्येला भरलेला अर्ज," ती म्हणाली. "मीच सांगायला हवं होतं. मीच मूर्ख." पिशवी तिनं खाली ठेवलीच नव्हती. ती तशीच वळली आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

नंतर ती अकरा वर्षं आमच्या घरी आली नाही. प्रभाकरच्या लग्नाला तिनं आम्हाला बोलावलं नाही. दर दिवाळीच्या भाऊबीजेला नाना नगरला जात, दारात उभे राहत. आतून कोणीतरी येऊन सांगे की अक्कांना बरं नाही. मग ते ओवाळणीचं लुगडं ओट्यावर ठेवून परत येत. गावातही त्यांची चेष्टा व्हायची. नवा नक्षा आला की कोणीतरी हटकून म्हणे, रंगनाथला देऊ नका रे, मोर आंबेघरला पाठवील. नाना हसायचे.

मी हे सगळं सुट्टीत घरी आले की पाहत होते. ज्या माणसानं आईच्या जागी असलेली बहीण गमावली, त्यानं ती एका चुकीपायी गमावली, आणि ती चूक मी डोळ्यांदेखत होऊ दिली. आंबेघरला मी शिकले, पहिली आले, तिथंच नोकरीला लागले. दर परीक्षेच्या निकालाला हे माझ्या मनात येई. पण तोंडातून निघालं नाही. नऊ वर्षं निघालं नाही.

१९७८ च्या भाद्रपदात नाना पहिल्यांदाच आंबेघरला राहायला आले. तोवर मला सोडायला म्हणून एकदा आले होते ते, आणि वसतिगृहाच्या दारातूनच परतले होते. या वेळी मी त्यांना कीटकगृहात नेलं. लांबट खोली, दोन्ही बाजूंना बांबूचे तट्टे, त्यांवर हजारो किडे तुतीचा पाला खात होते. त्यांच्या खाण्याचा एकसारखा आवाज असतो, कोणीतरी दूरवर सुपातून धान्य पाखडावं तसा. नाना बराच वेळ ऐकत उभे राहिले. मग एक किडा त्यांनी तळहातावर घेतला.

"हा एवढासा," ते म्हणाले. "आणि आम्ही बंगलोर बंगलोर करत बसलो."

तिथंच, ते किडा बघत असताना, मी बोलले. म्हटलं, नाना, तुम्ही अर्ज खालून लिहीत होतात ते मला तेव्हाच दिसलं होतं. खालची सूचना मी आधीच वाचली होती. मी मुद्दाम गप्प राहिले.

त्यांनी किडा पानावर ठेवला, नीट, पाय अडकणार नाहीत असा.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"तू शिक्का आणायला गेलीस ना, तेव्हा सरांनी मला कागद दाखवला. म्हणाले, रंगनाथराव, हे उलटं झालंय. त्यांच्याकडं जादा कोरा अर्ज होता. म्हणाले, बसा, पाच मिनिटांत पुन्हा लिहून होईल. मी बसलो. पेन घेतलं. नगर लिहिणार, तेवढ्यात मला वाटलं, पोर तर समोर बसली होती. तिला वाचता येतं. मग बोलली का नाही?"

बाहेर कोणीतरी पाल्याची टोपली आपटली. नाना दाराकडं बघून पुन्हा माझ्याकडं वळले.

"सरांना विचारलं, हिला तिकडं काय हवंय. त्यांनी सांगितलं किड्यांचं. मी म्हटलं, मग राहू द्या तसंच."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या तोंडावर दिसलं असतं. अक्काला अक्षर वाचता येत नाही, तोंड वाचता येतं."

मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी विचारलं की मग आता तरी आत्याला सांगू या का, निदान तुमचा धांदरटपणा नव्हता एवढं तरी तिला कळेल.

"नको," नाना म्हणाले. "चूक झाली म्हटल्यावर ती कधी ना कधी माफ करील. मी तिच्या मनाविरुद्ध जाणूनबुजून केलं, हे तिला सोसायचं नाही. मला चूकच राहू दे." मग पुढच्या तट्ट्याशी गेले आणि हे किडे कधी कोष करतात ते विचारायला लागले.

गुजराथी सर निवृत्त होऊन मुलाकडं बडोद्याला गेले. मी त्यांना दर वर्षी माझ्या हातच्या कोषांचं एक पुडकं पाठवायची. ते वर्गात वाटायला चांगलं, असं त्यांनी एकदा कळवलं होतं. म्हणजे तिथंही ते कुठल्या तरी शाळेत जाऊन शिकवत असणार. ८५ साली सर गेल्याचं त्यांच्या मुलाचं पत्र आलं.

आंबेघरचं केंद्र पुढं दुसऱ्या शाखेत विलीन झालं. तुती रानात पसरली. मी तिथून बदलून गेले, तीन जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या घरी किडे पाळायला शिकवत हिंडले, एकतीस वर्षं नोकरी केली. लग्न उशिरा केलं, आमच्याच खात्यातल्या माणसाशी. ते आता नाहीत. मुलगी आहे, ती डोळ्यांची डॉक्टर झाली.

प्रभाकरनं संगमनेरची मुलगी केली. दुकान वाढवलं. माझ्या लग्नात त्यानं मला शालू दिला आणि म्हणाला, आपलं ठरवत होते म्हणे मोठे, मला कोणी विचारलं होतं का? आम्ही दोघंही खूप हसलो.

आत्या १९८० च्या दिवाळीत आली. न कळवता. ओट्यावर बसून आईला म्हणाली, चहात साखर कमी घाल, आता डॉक्टरनं सांगितलंय. जणू काल गेली होती. नाना मागावरून उठून आले आणि तिच्यापाशी खाली बसले. तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, चुकतो माणूस. नाना म्हणाले, हो अक्का. पुढं माझ्याशीही ती पूर्वीसारखी झाली. एकदा तिनं मला विचारलं की रेशीम काढताना त्या किड्याचं काय होतं. मी सांगितलं की कोष उकळत्या पाण्यात टाकावे लागतात. ती म्हणाली, आणि मी पन्नास वर्षं सोवळं म्हणून तेच नेसून पूजा केली. त्यानंतर तिनं सुती नेसायला सुरुवात केली. नानांना फार गंमत वाटली होती.

ती १९९१ ला गेली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची होऊन. दहाव्याला नगरच्या घाटावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर चार बसले होते, एकही खाली उतरेना. प्रभाकर पुढं झाला, म्हणाला, दुकान तुझ्या धाकट्या नातवाच्या नावावर करतो. सुनेनं सांगितलं, तुमचं देवघर मी सांभाळीन. नातवंडांनीही काय काय कबूल केलं. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले.

तेव्हा नाना काठी टेकत पुढं गेले. मी त्यांना धरायला म्हणून मागं होते, म्हणून मला ऐकू आलं, बाकी कोणाला नाही. ते पिंडापाशी वाकले, हात जोडले आणि हळू म्हणाले,

"अक्का, चूक नव्हती गं ती."

आणि आम्ही दोघं मागं येऊन इतरांबरोबर उभे राहिलो. लगेच काही झालं नाही. थोड्या वेळानं एक कावळा खाली उतरला, पिंडाभोवती चालत एक फेरी मारली, आणि शिवला.

नाना त्यानंतर सात वर्षं होते.